वादी रमच्या वाळवंटात दोन-तीन रात्री: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जॉर्डनची सहल आखताना बहुतेकजण कातळात कोरलेल्या प्राचीन पेत्रा शहराला दोन दिवस राखून ठेवतात आणि वादी रमला उरलीसुरली एक रात्र देतात. दुपारी पोहोचायचं, जीपमधून पाच-सहा ठिकाणं बघायची, तंबूत झोपायचं आणि सकाळी न्याहारी करून पुढच्या गावाला निघायचं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की किमान दोन रात्री ठेवा, जमल्यास तीन. पहिला दिवस ठरलेल्या ठिकाणांमागे धावण्यात जातो. पायी फिरणं, दुपारभर कातळाच्या सावलीत पडून राहणं, यजमानाशी निवांत बोलणं हे सगळं दुसऱ्या दिवशी सुरू होतं. वाळवंटाची ओळख व्हायला तेवढा वेळ लागतोच.

जागेबद्दल थोडक्यात. वादी रम जॉर्डनच्या दक्षिण टोकाला, सौदी अरेबियाच्या सीमेजवळ आहे. खाली ग्रॅनाइट, त्यावर लाल-पिवळ्या वालुकाश्माचे उभे डोंगर आणि मधल्या खोऱ्यांमध्ये वाळू. २०११ साली युनेस्कोने याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीही निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही कारणांसाठी. इथल्या कातळांवर सुमारे २५ हजार कोरीव चित्रं आणि २० हजार शिलालेख नोंदले गेले आहेत. म्हणजे आपण रिकाम्या जागेत चाललेलो नाही, हे लक्षात ठेवून फिरायचं.

१. महिना आणि चंद्र बघून तारखा ठरवा

मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस चांगले. उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि भर दुपारी फिरणं अशक्य होतं. डिसेंबर-जानेवारीत दिवस सुखद असतो, पण खोऱ्याची जमीनच समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीवर असल्यामुळे रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. ‘वाळवंट म्हणजे उकाडा’ असं समजून सुती कपडे घेऊन येणारे लोक हिवाळ्यात रात्रभर कुडकुडतात. वसंतात कधीकधी खमसीन नावाचा गरम, धुळीचा वारा सुटतो. तो एखाद-दोन दिवसांत ओसरतो. दोन-तीन रात्री ठेवण्याचा हाही एक फायदा, एक दिवस वाऱ्यात गेला तरी सहल वाया जात नाही.

आकाशगंगा बघायची असेल तर अमावास्येच्या आसपास जा. पौर्णिमेला तारे कमी दिसतात, पण वाळूवर इतका उजेड असतो की टॉर्चशिवाय चालता येतं. कालनिर्णय बघून ठरवा, दोन्हींत गंमत आहे.

रमजान चालू असेल तर पाहुण्यांना दिवसा जेवण मिळतं, पण यजमान उपाशी असतो, आणि सूर्यास्ताच्या सुमारास जीप वेगाने कॅम्पकडे वळते. याची तयारी मनात असू द्या. ईदच्या सुट्टीत कॅम्प भरलेले असतात. दुबई-दोह्यातली आपली बरीच मराठी मंडळी याच सुट्टीत जॉर्डन गाठतात, त्यांनी आरक्षण बरंच आधी करावं.

२. कॅम्प नेमका कुठे आहे, ते आधी विचारा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. इंटरनेटवर ‘वादी रम’ म्हणून दिसणारे सगळे कॅम्प संरक्षित क्षेत्राच्या आत नसतात. ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार संरक्षित क्षेत्रातले कॅम्प. हे बहुतेक रम गावातल्या झलाबिया या बेदुईन (वाळवंटातले मूळचे भटके अरब) टोळीच्या कुटुंबांचे. डोंगराच्या कुशीत आठ-दहा तंबू, एक मोठा बैठकीचा तंबू, सामायिक संडास-न्हाणीघर, सौरऊर्जेवर संध्याकाळी थोडा वेळ दिवे. इथे स्वतःची गाडी नेता येत नाही, यजमान जीपने नेतो.

दुसरा प्रकार दिसी गावाच्या बाजूचे कॅम्प. इथे झुवायदा या दुसऱ्या बेदुईन टोळीची वस्ती आहे. पारदर्शक छताचे गोल घुमट, एसी, खोलीतच न्हाणीघर अशी हॉटेलसारखी सोय या बाजूला जास्त. डांबरी रस्ता जवळ असतो. गुडघे दुखणारे आई-वडील किंवा तान्हं मूल बरोबर असेल तर ही बाजू खरंच सोयीची आहे, त्यात कमीपणा नाही. पण शांतता आणि अंधार हवा असेल तर आतल्या कॅम्पला पर्याय नाही. घुमटाचा फोटो बघून आरक्षण करायचं आणि मग शेजारच्या घुमटांच्या दिव्यांमुळे तारे दिसत नाहीत म्हणून हिरमुसायचं, हे टाळा.

आणखी एक गोष्ट समजून जा. आजची बेदुईन कुटुंबं वर्षभर तंबूत राहत नाहीत. बहुतेकांची सिमेंटची घरं रम किंवा दिसी गावात आहेत, मुलं तिथल्या शाळेत जातात. कॅम्प हा त्यांचा व्यवसाय आहे. कॅम्पवर तुम्हाला जवळपास सगळे पुरुषच दिसतील, बायका गावातल्या घरी असतात. एकट्या जाणाऱ्या मुलींनी हे आधी माहीत करून घ्यावं, म्हणजे तिथे गेल्यावर बुजायला होत नाही. बाईमाणसांना भेटायची इच्छा असेल तर यजमानाला गावातल्या घरी चहाला जाता येईल का, असं मोकळेपणाने विचारा. घरी गेल्यावर बायकांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

३. यजमानाशी बोलून हे मुद्दे लेखी पक्के करा

बहुतेक कॅम्पवाले व्हॉट्सॲपवर असतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. जॉर्डनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, हे धरून मेसेज करा. फोनवर गोड बोलणं झालं तरी शेवटी एक मेसेज लिहून ‘हे असं ठरलं’ म्हणून पाठवा.

विचारायचे प्रश्न असे:

- सांगितलेला भाव माणशी आहे की जीपमागे? दोघं जात असाल तर हा फरक फार मोठा असतो.
- जीप फक्त आपली की इतर पाहुण्यांबरोबर? किती तास, आणि कोणकोणती ठिकाणं?
- गावातून कॅम्पपर्यंत नेणं-आणणं, दुपारचं जेवण आणि पाणी यात धरलं आहे का?
- दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम काय? इथे उत्तर ‘पुन्हा जीप’ असं आलं तर पायी फिरण्याचं किंवा चढाईचं विचारा. माहीतगार माणूस लगेच दोन-तीन वाटा सांगतो.
- एक रात्र उघड्यावर, कातळाच्या कपारीत झोपायची सोय होईल का? बरेच यजमान आनंदाने करतात. गादी, जाड पांघरुणं, शेकोटी आणि तिथेच स्वयंपाक. तीन रात्री असतील तर मधली रात्र यासाठी ठेवा.

काही कॅम्प रात्रीचा दर अगदी स्वस्त दाखवतात आणि सगळी कमाई जीपच्या फेरीवर धरलेली असते. तुम्ही जीप दुसरीकडून ठरवली तर त्यांना ते आवडत नाही, आणि त्यांच्या बाजूने ते रास्त आहे. म्हणून मुक्काम आणि फिरणं एकाच यजमानाकडे ठेवा. कॅम्प निवडताना तंबूच्या फोटोंपेक्षा वाटाड्या कोण आहे, तो किती वर्षं हे करतो, याची चौकशी जास्त करा.

४. कागदपत्रं आणि पैसे

- किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, आणि त्याची फोटोप्रत वेगळ्या पिशवीत
- परतीचं तिकीट आणि मुक्कामांची आरक्षणं, छापून
- जॉर्डन पास (व्हिसाची फी आणि पेत्रा, वादी रमसारख्या ठिकाणांचा प्रवेश एकत्र देणारा पास) घेतला असेल तर तो, मोबाइलमध्ये आणि कागदावर
- प्रवासविमा, चढाई किंवा उंटसवारी करणार असाल तर ती विम्यात बसते का ते वाचून
- नेहमीची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी

भारतीय पासपोर्टसाठीचे व्हिसाचे नियम बदलत असतात. त्यामुळे तिकीट काढायच्या आधी दिल्लीतल्या जॉर्डनच्या दूतावासाकडून ताजी माहिती घ्या. जुन्या लेखांवर विसंबू नका, या लेखावरही नाही.

जॉर्डन पासचं गणित सोपं आहे. एकदा प्रवेशाच्या व्हिसाची फी ४० दिनार, पेत्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार आणि वादी रमची प्रवेश फी ५ दिनार, म्हणजे ९५. पेत्राच्या एका दिवसासह पास ७० दिनारला मिळतो, दोन दिवसांचा ७५ आणि तीन दिवसांचा ८० दिनारला. अट अशी की पास देशात पाऊल ठेवायच्या आधी घ्यायचा आणि देशात किमान तीन रात्री राहायचं. पासामुळे व्हिसाची फी वाचते, व्हिसा मिळेलच असं नाही. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

एक दिनार म्हणजे सुमारे १.४१ अमेरिकन डॉलर, आणि हा दर गेली कित्येक वर्षं बांधलेला आहे. रोख दिनार पेत्राजवळच्या वादी मूसा गावातून किंवा अकाबा या बंदराच्या शहरातून काढून ठेवा. तंबूत कार्डाचं यंत्र असेल असं गृहीत धरू नका. ५ आणि १० दिनारच्या नोटा जास्त ठेवा.

५. सॅकमध्ये काय

मोठी बॅग गावात यजमानाच्या घरी ठेवता येते, कॅम्पवर एक छोटी सॅक पुरते. हेडटॉर्च हवाच, रात्री संडासाला जाताना दोन्ही हात मोकळे राहतात. पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, रात्रीसाठी स्वेटर किंवा जाकीट, कानटोपी, उन्हाची टोपी, घोट्यापर्यंतचे, वापरून पायाला सरावलेले बूट. वाळूत सँडल छान वाटतात, पण दुपारी वाळू तापते आणि कातळावर सँडल घसरतात. ओठांना लावायचं मलम, सनस्क्रीन, डोळ्यांत टाकायचे थेंब. पॉवर बँक भरलेली. तोंडाला गुंडाळायला मोठा सुती रुमाल. गावात मिळणारा चौकटींचा शेमाघ घेतलात तर यजमान तो कसा बांधायचा ते शिकवतो, आणि उघड्या जीपमध्ये धुळीपासून त्याच्याइतकं दुसरं काही वाचवत नाही.

कॅम्पवर पांघरुणं भरपूर मिळतात. स्वच्छतेबाबत चोखंदळ असाल तर आत शिरून झोपायचं पातळ सुती अस्तर न्या.

६. रम गावापर्यंत

अम्मानहून अंतर साधारण ३२० किलोमीटर, चार तास धरा. पेत्राहून दोन तासांच्या आत, अकाबाहून तासभर. पेत्राहून सकाळी लवकर मिनीबस निघते. तिची जागा आदल्या दिवशी तुमच्या हॉटेलमालकाकडून पक्की करून घ्या. तिघं-चौघं असाल तर टॅक्सी करणं सोयीचं.

गावाच्या काही किलोमीटर अलीकडे पर्यटक केंद्र लागतं. तिथे पास दाखवायचा किंवा ५ दिनार भरायचे. आरक्षण केलेलं असेल तर यजमानाचं नाव सांगा, म्हणजे तिथे नव्याने कोणी सहल विकायला बसत नाही. डांबरी रस्ता रम गावात संपतो. भाड्याची गाडी गावात लावून पुढे जीपने जायचं. दुपारच्या आत पोहोचा. अंधार पडल्यावर यजमानाची आणि तुमची चुकामूक झाली तर दोघांनाही त्रास होतो. मोबाइलची रेंज गावात चांगली असते, आत कातळांच्या मधे येते-जाते. घरच्यांना ‘दोन दिवस फोन लागला नाही तर काळजी करू नका’ हे गावातूनच सांगून टाका.

७. पहिला दिवस जीपचा

जीप म्हणजे मागे बाकं बसवलेली टोयोटा पिकअप. कंबरदुखी असेल तर पुढे, ड्रायव्हरशेजारी बसा. गाडी लागत असेल त्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यावी.

ठरलेली ठिकाणं साधारण अशी: डोंगराच्या कडेचा पाण्याचा झरा, लाल वाळूची टेकडी, खझाली घळ, उम्म फ्रूथची नैसर्गिक कमान, आणि शेवटी सूर्यास्त. झऱ्यापाशी लोक पाच मिनिटं थांबतात आणि ‘एवढंच?’ म्हणत निघतात. तिथे जरा थांबून कातळ बघा. पावसाचं पाणी वालुकाश्मातून झिरपत खाली येतं, ग्रॅनाइटपाशी अडतं आणि त्या सांध्यावर बाहेर पडतं. रम डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांची जी ओळ आहे ती याच कारणाने. पाणी असल्यामुळे इथे वस्ती झाली, पेत्रा वसवणाऱ्या प्राचीन नबाती लोकांनी मंदिर बांधलं, उंटांचे तांडे थांबले. त्या मंदिराचे अवशेष गावालगतच आहेत. जीपच्या फेरीत ते सहसा नसतात, तुम्ही मागून घ्या.

खझाली घळीत आत शिरल्यावर दोन्ही भिंतींवर माणसं, प्राणी, पावलं आणि प्राचीन लिपीतली अक्षरं कोरलेली दिसतात. त्यांना हात लावू नका, बोटांच्या घामाने वालुकाश्म झिजतो. गर्दी नको असेल तर ड्रायव्हरला सांगा की ही घळ अगदी सकाळी किंवा जेवणाच्या वेळेला घ्या.

पावसाचे ढग असतील तर कोणत्याही अरुंद घळीत जायचा हट्ट करू नका. दूर डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी कोरड्या घळीतून अचानक लोंढ्याने येतं. वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला तर तो विषय तिथेच संपवा.

८. कॅम्पवरची संध्याकाळ आणि शाकाहाऱ्यांचं जेवण

पोहोचल्यावर आधी चहा येतो, काळा, भरपूर साखरेचा, बहुधा मरामिया नावाच्या सुगंधी पाल्याचा. कडू, वेलदोड्याची अरबी कॉफी मिळाली तर छोटा पेला उजव्या हाताने घ्या. पेला रिकामा दिसला की पुन्हा भरला जातो. पुरे झाली की पेला हलकेच हलवून परत द्यायचा, समोरच्याला कळतं.

रात्रीचं मुख्य जेवण झर्ब. जमिनीत पुरलेल्या पिंपात निखारे करतात, त्यात दोन-तीन मजल्यांची लोखंडी जाळी सोडतात, वरून झाकण, घोंगडी आणि वाळू टाकून तोंड बंद करतात. कोंबडी किंवा मेंढीचं मटण, बटाटे, गाजर, कांदे एकत्र शिजतात. वाळू बाजूला सारून जाळी वर काढतात तेव्हा सगळ्यांना बोलावलं जातं, ते चुकवू नका.

शाकाहारी वाचकांनी इथे नीट लक्ष द्यावं. ‘आमच्याकडे भाज्याही असतात’ हे उत्तर खरं असतं, पण त्या भाज्या त्याच जाळीत असतात आणि मांसाची चरबी त्यांवर ठिबकते. भातही कधीकधी कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. त्यामुळे नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. ‘मांस, कोंबडी, मासे नाहीत, रस्सा नाही, भाजी आणि भात वेगळ्या भांड्यात’ असं सोप्या इंग्रजीत आरक्षणाच्या वेळीच लिहा आणि पोहोचल्यावर दुपारीच आठवण करा. झर्ब एकदा वाळूखाली गेला की काही बदलता येत नाही. आधी सांगितलं तर टोमॅटो-बटाट्याची वेगळी भाजी, मसुरीचं सूप, हम्मस (काबुली चण्याची चटणी), मुतब्बल (भाजलेल्या वांग्याची चटणी), सॅलड, ताजी रोटी असं पोटभर जेवण होतं. जैन मंडळींनी कांदा-लसणाचंही वेगळं लिहावं आणि सोबत थोडा शिधा ठेवावा. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खाकरे वजनाला हलके असतात. यजमानाला चाखायला द्या, त्यांनाही आवडतं.

कॅम्पवरचं पाणी टँकरने येतं, आणि जॉर्डन जगातल्या सर्वात कमी पाण्याच्या देशांपैकी एक आहे. याच दिसीच्या भूगर्भातलं हजारो वर्षांपूर्वी साठलेलं पाणी २०१३ पासून सुमारे ३२५ किलोमीटरच्या नळाने अम्मानला जातं, आणि ते पुन्हा भरून येणारं नाही. म्हणून अंघोळ बादलीभरात उरका किंवा एक दिवस सोडून द्या. प्यायला बाटलीबंद किंवा गाळलेलं पाणी घ्या, दिवसाला माणशी किमान तीन लिटर.

दारूबद्दल लोक विचारतात. कुटुंबाने चालवलेल्या कॅम्पवर ती नसते, घेऊनही जाऊ नये.

९. दुसरा दिवस पायांचा

आता खरी सहल सुरू होते. तीन पर्याय सांगते, अंगातल्या जोराप्रमाणे निवडा.

सगळ्यांना जमेल असा पर्याय म्हणजे सकाळी लवकर कॅम्पवरून निघून बर्राहसारख्या रुंद घळीतून दोन-तीन तास चालणं. पुढच्या टोकाला जीप जेवण घेऊन येते. दुपारी सावलीत वाटाड्या राखेत भाजलेली रोटी करतो. या चालण्यात वाळूवरचे माग ओळखायला शिका: बीटल, सरडा, कोल्हा, उंट. वाटाड्याला विचारलंत तर तो खुलतो.

दुसरा पर्याय बुर्दाची कमान, खालच्या जमिनीपासून सुमारे ३५ मीटर उंच. अर्धा दिवस लागतो आणि वाटाड्याशिवाय जायचं नाही. शेवटच्या टप्प्यात एक उभा रॉक पॅच आहे, तिथे दोर लावतात का ते आधी विचारा. सह्याद्रीत फिरलेल्यांना एक सूचना. आपल्या पायांना बसाल्टची सवय असते. इथला वालुकाश्म कोरडा असताना बुटाला छान धरतो, पण कडा ठिसूळ असतात आणि पावसानंतर तो आणखी कमजोर होतो. हाताने पकडलेला दगड आधी हलवून बघा.

तिसरा, जबल उम्म अद दामी, जॉर्डनचं सर्वोच्च शिखर, साडेअठराशे मीटरच्या आसपास. आकडा आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा मोठा असला तरी पायथाच उंचावर असल्यामुळे चढ तुलनेने लहान आहे. माथ्यावरून सौदीचे डोंगर दिसतात. जीपने जायला-यायला बराच वेळ लागतो, म्हणून पूर्ण दिवस राखा आणि जास्तीचे पैसे आधी ठरवा. मला स्वतःला तिन्हींत हा सर्वात आवडतो, कारण इथपर्यंत फार थोडे लोक येतात.

उंटावर बसायचं असेल तर तासाभराची फेरी पुरे, त्याहून जास्त वेळ मांड्यांना सोसत नाही. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो आणि स्वार पुढे फेकला जातो, म्हणून मागे रेलून खोगिराची खुंटी घट्ट धरा. बसतानाही तसंच.

कुठेही गेलात तरी प्लास्टिक परत आणा आणि शेकोटीसाठी झुडपं तोडू नका. वाळलेलं दिसणारं झुडूप बऱ्याचदा जिवंत असतं. वाटाड्या जळण गावातून आणतो.

१०. हिशोब आणि परतीची गाडी

पैसे शेवटच्या सकाळी गावात पोहोचल्यावर द्यायची पद्धत आहे. ठरलेला मेसेज उघडून त्याप्रमाणे द्या, तिथे घासाघीस करू नका. टीप सक्तीची नाही, पण वाटाड्या आणि स्वयंपाक करणारा दोघांना वेगवेगळी हातात द्या. स्वयंपाक करणारा मुलगा बऱ्याचदा इजिप्त किंवा सुदानसारख्या देशातून कामाला आलेला असतो, आणि यजमानाला दिलेल्या टीपेतून त्याच्यापर्यंत काही पोहोचेलच असं नाही.

अकाबा किंवा पेत्राला जाणाऱ्या मिनीबस सकाळी लवकर सुटतात आणि शुक्रवारी सार्वजनिक वाहनं फार कमी असतात. त्यामुळे आदल्या रात्री जेवतानाच यजमानाला विचारा की उद्या गाडी किती वाजता, कॅम्पवरून कधी निघायचं, आणि त्याच दिशेने जाणारे दुसरे पाहुणे आहेत का. असले तर टॅक्सीचं भाडं वाटून घेता येतं. अम्मानहून त्याच दिवशी विमान असेल तर सकाळी सातनंतर कॅम्पवर थांबू नका.